भंडाऱ्याची दोन मते

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात निवडणुकीचे नियम अशा रीतीने दिलेले असतात की, जणू काय ते वैनगंगेच्या पात्रातील खडकांप्रमाणे अनादि कालापासून तेथेच पडून आहेत. एक मतदार, एक मत. वय अठरा वर्षे पुरे. ज्यास सर्वांत अधिक मते पडतील तो विजयी. विद्यार्थी हे पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवितात व गुण मिळवितात. परंतु ज्यांच्या घरी नव्वदी ओलांडलेले कोणी वृद्ध आजोबा किंवा आजी सुदैवाने हयात असतील, त्यांनी त्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा : "१९५७ सालच्या लोकसभेच्या निवडणुकीत तुम्ही किती मते दिली होती?" त्यांस आठवण असल्यास ते "दोन" असे उत्तर देतील. ते ऐकून कोणी हसू नये. त्या काळी भंडाऱ्याच्या प्रत्येक मतदारास लोकसभेकरिता खरोखरीच दोन मते होती, व तीही पूर्णपणे कायदेशीर.

ही दोन मते कोठून आली, त्यांनी काय घडविले व ती कोठे गेली, हे आम्ही प्रस्तुत लेखात सांगणार आहो. देशाचे पुढारी निवडण्याचे नियम कसे बदलतात हे समजून घेण्यास लांब जावयास नको. आपल्या जिल्ह्याचे उदाहरणच पुरेसे आहे, आणि ते साधेसुधे नाही. ज्या पुरुषाने घटनेचा मसुदा सिद्ध केला, तोच पुरुष त्या घटनेखालील निवडणुकीत भंडाऱ्यास उमेदवार म्हणून उभा राहिला व पराभूत झाला.

प्रथम मागील इतिहास थोडक्यात पाहू. भंडारा जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य खालसा होऊन पुढे मध्यप्रांत बनला. त्या प्रांताच्या कायदेमंडळाकरिता मते देण्याचा अधिकार फार थोड्यांस होता. शेतसारा, घरपट्टी, प्राप्तीवरील कर किंवा शिक्षण यांपैकी काही आधार असेल त्याचेच नाव यादीत येई. १९३५ च्या कायद्याने हा अधिकार बराच वाढविला, तरीही साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार झाले ते तीन कोटींच्या आसपास. धानाच्या बांधीत राबणारा मजूर अथवा विड्या वळणारी स्त्री यांचा त्यात बहुधा समावेश नसे.

ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, त्यांचा प्रतिनिधी कोणी निवडावा, हा प्रश्न याच सुमारास उपस्थित झाला. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्य मानलेल्या वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले. म्हणजे काही जागा अशा की, ज्यांकरिता मते त्या वर्गानेच द्यावयाची. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण आरंभिले, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखून ठेवण्याचे ठरले. त्यांपैकी २० जागा आपल्या मध्यप्रांताच्या वाट्यास आल्या. मात्र या जागांवरचा सभासद निवडावयाचा तो सर्व जातींच्या मतदारांनी मिळून.

या करारात एक मधली पायरी होती, ती आज बहुतेकांस ठाऊक नसते. राखीव जागेकरिता अस्पृश्य वर्गाच्या मतदारांनी आपसांत आधी मतदान करून चार नावे पुढे करावयाची, आणि मग सर्व मतदारांनी त्या चारांतून एक निवडावयाचा. पहिल्या फेरीत स्वजनांची सर्वाधिक मते मिळविणारा गृहस्थ दुसऱ्या फेरीत इतरांच्या मतांमुळे मागे पडू शके, व चवथा आलेला गृहस्थ निवडून येऊ शके. प्रतिनिधी कोणाचा, ज्यांच्या नावाने जागा राखली त्यांचा की ज्यांच्या मतांनी ती भरली त्यांचा, हा प्रश्न तेव्हापासून भारताच्या निवडणूक-नियमांच्या मुळाशी आहे. पुढील सारा वृत्तांत वाचताना विद्यार्थ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

१९५० च्या २६ जानेवारीस राज्यघटना अमलात आली. तिच्या ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मताधिकार दिला. शेतसारा नको, शिक्षण नको. १९३५ च्या तीन कोटींच्या ठिकाणी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी तीस लक्ष नावे यादीत चढली. ३२५ व्या कलमाने धर्म अथवा जातीवरून निरनिराळ्या याद्या करण्यास मनाई केली. ३३० व्या कलमाने अनुसूचित जाती व जमातींस लोकसभेत जागा राखून दिल्या. चार नावांची मधली पायरी नाहीशी झाली.

राखीव जागा कोठे ठेवावयाच्या? पहिल्या निवडणुकीत यावर उपाय योजिला तो असा, की जेथे राखीव जागा द्यावयाची तेथे पुष्कळ ठिकाणी दुप्पट मोठा मतदारसंघ करावा व त्यास दोन सभासद द्यावे, एक सर्वसाधारण जागेवर व एक राखीव जागेवर. लोकसभेच्या ४८९ जागांकरिता ४०१ मतदारसंघ होते. त्यांत ३१४ एका सभासदाचे, ८६ दोन सभासदांचे, व एक, उत्तर बंगालमधील, तीन सभासदांचा होता. भंडारा हा त्या ८६ पैकी एक. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राखीव जागा घटनेने दिल्या, पण त्या दोन सभासदांच्या मतदारसंघात बसविण्याची रीत घटनेत नव्हती. ती साध्या कायद्याने ठरविली होती. घटना बदलण्यास संसदेत विशेष बहुमत लागते. साधा कायदा साध्या बहुमताने बदलतो. हा फरक पुढे उपयोगी पडला.

मतदानाची पद्धतही आजच्याहून निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले. मतदाराने आडोशाआड जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावी, शिक्का मारण्याचे काम नाही. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका येत. मात्र दोन्ही एकाच पेटीत टाकण्याची मुभा नव्हती. एका उमेदवारास एकच मत, असा निर्बंध होता. एक मत दिले व दुसरे दिले नाही, तर पहिले मत बाद होत नसे, दुसरे मात्र वाया जाई.

मोजणीचा नियम तर अधिकच विचित्र वाटण्यासारखा. प्रथम अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्यास सर्वाधिक मते, त्यास राखीव जागा द्यावयाची. नंतर उरलेल्या सर्वांत, मग तो कोणत्याही जातीचा असो, ज्यास अधिक मते, त्यास सर्वसाधारण जागा. समजा, क व ख हे अनुसूचित जातींचे उमेदवार असून त्यांस ५७ व ५८ हजार मते पडली, आणि ग या सर्वसाधारण उमेदवारास ५६ हजार पडली. ख यास राखीव जागा मिळाली; उरलेल्यांत क सर्वांत पुढे, म्हणून सर्वसाधारण जागा त्याची; आणि ग रिकाम्या हाती घरी गेला. पुस्तकी उदाहरण म्हणून हे कोणी सोडून देऊ नये, कारण असे एकदा खरोखरीच घडले. ते पुढे येईल.

आता भंडाऱ्याकडे वळू. १९५२ साली येथून सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी व राखीव जागेवर तुलाराम साखरे, असे दोघेही काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. परंतु त्यांच्या निवडणुकीस हरकत घेण्यात येऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ९ फेब्रुवारी १९५४ रोजी त्याचा निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. बोस पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, तेव्हा या मुलखाची त्यांस चांगली ओळख होती. वकिलीचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांस मात्र तो सहसा कोणी सांगत नाही. त्यात दोन प्रश्न होते, आणि दोन्ही आपल्या मातीतले.

पहिला प्रश्न विडीचा. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या व्यापारातील पेढीचे भागीदार होते. या पेढीने सैनिकांच्या कँटीन भांडारास विड्या पुरविण्याचे करार केले होते, व ते भांडार हिंदुस्थान सरकारचे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा असा की, ज्याचा सरकारास माल पुरविण्याच्या करारात हितसंबंध आहे, तो सभासद होण्यास अपात्र. हेतू उघड आहे : जो सरकाराच्या कारभारावर देखरेख करावयास जातो, त्याचा खिसा सरकारच्या तिजोरीस बांधलेला नसावा. करार राष्ट्रपतींच्या नावे, घटनेने सांगितलेल्या विधिपूर्वक झालेले नव्हते, सबब ते करारच नव्हेत, असा युक्तिवाद झाला. तो न्यायालयाने मानला नाही. माल तर पोचता झाला होता, मग करार संपला की नाही? न्यायालय म्हणाले, नाही. माल दिला तरी त्याचे पैसे चुकते होऊन उभय पक्षांची कर्तव्ये पुरी होईपर्यंत करार जिवंतच असतो. तेंदूच्या पानात गुंडाळलेल्या विडीने अशा प्रकारे लोकसभेचे एक आसन रिकामे केले.

दुसरा प्रश्न पंथाचा, व तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेकरिता उमेदवारी अर्ज भरला होता. ते जातीने महार. परंतु त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारलेला होता. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी प्रवर्तित केलेला हा पंथ जातिभेद मानीत नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा त्याच पंथाचा आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. जो जात न मानणाऱ्या पंथात गेला, तो महार राहिला नाही, असे धरून छाननीच्या वेळी त्यांचा अर्ज नाकारण्यात आला होता.

न्यायालयाने या प्रश्नाचा विचार पंथाच्या ग्रंथांवरून केला नाही, तर माणसाच्या जीवनावरून केला. पंथांतर केलेल्या माणसाविषयी मुख्यतः तीन गोष्टी पाहाव्या, असे ठरले : मूळ समाज त्यास आपला मानतो काय, तो स्वतः कोणाबरोबर राहू इच्छितो, आणि नव्या पंथाचे नियम त्यास मूळ समाजात राहू देतात काय. ठवरे यांची लग्ने महार समाजातच झाली होती व त्यांची ऊठबस त्याच समाजात होती. सबब ते महारच राहिले व त्यांचा अर्ज नाकारणे चुकीचे होते, असा निर्णय झाला. ज्यास उभे राहण्याचा हक्क होता त्यास उभेच राहू दिले नाही, म्हणून ती सबंध निवडणूकच रद्द ठरली. जसानी यांच्याबरोबर साखरे यांचीही जागा गेली.

पंथ बदलला तरी गावकुसाबाहेरचे घर बदलत नाही, ही गोष्ट त्या निकालाने कायद्याच्या भाषेत प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडली असे आम्हांस वाटते. परंतु सर्वांस तिचा लाभ झाला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींत हिंदू व काही थोड्या शीख जाती एवढ्यांचाच समावेश होता. महानुभाव हा हिंदू पंथ असल्याने ठवरे यांचा मार्ग मोकळा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. भंडारा जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे त्या मार्गाने गेली. त्यांपैकी जे स्वतःस उघडपणे बौद्ध म्हणवीत, त्यांस राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क उरला नाही. तो नियम १९९० साली बदलून बौद्धांचा त्या यादीत समावेश झाला. मध्ये चौतीस वर्षे गेली. नियम बदलतात हे सांगणे सोपे आहे; परंतु ते बदलेपर्यंत एक सबंध पिढी म्हातारी होते, हेही मुलांस सांगितले पाहिजे.

असो. दोन्ही जागा रिकाम्या झाल्या व १९५४ च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, भंडाऱ्यास पोटनिवडणूक लागली. राखीव जागेकरिता शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, देशाचे पहिले कायदेमंत्री होते, आणि त्या वेळी राज्यसभेचे सभासद होते. सर्वसाधारण जागेकरिता प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. ही दोन्ही नावे दोन वर्षांपूर्वी मुंबई शहर उत्तर या मतदारसंघातही एकत्र झळकली होती. तेथेही दोन जागा होत्या आणि तेथे दोघेही पडले होते. आंबेडकरांचा पराभव नारायण काजरोळकर यांनी चौदा-पंधरा हजार मतांनी केला, आणि सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका वाया गेल्या होत्या. दुसरे मत मुद्दाम फुकट घालविण्याचा प्रचार विरोधकांनी केला, अशी तक्रार आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे केली. तिचा काही उपयोग झाला नाही.

भंडाऱ्याचा निकाल असा लागला : सर्वसाधारण जागा मेहता यांनी जिंकली, आणि राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी. आंबेडकर आठ-साडेआठ हजार मतांनी मागे राहिले. एकाच दिवसाचे, एकाच केंद्रावरचे, त्याच मतदारांचे हे मतदान. त्यात एका जागेवर काँग्रेस हरली व दुसऱ्या जागेवर जिंकली. दोन मतांपैकी एक इकडे व एक तिकडे देणारे मतदार येथे पुष्कळ निघाले असले पाहिजेत.

येथे दुसऱ्या मताची खरी गोम कळते. राखीव जागेवरील उमेदवाराचे पक्के पाठीराखे आपले एक मत त्यास देतील. पण दुसरेही त्यास देता येत नाही. ते कोणास तरी द्यावे, नाहीतर फुकट घालवावे. उलट सर्वसाधारण मतदारांची संख्या मोठी, व त्या प्रत्येकाच्या हाती राखीव जागेकरिताही एक मत असतेच. अशा रीतीने अल्पसंख्य समाजाचे मत विभागले जाते व बहुसंख्य समाजाचे मत दोन्ही जागांवर पोचते. आपले दुसरे मत जाळून टाकावे, म्हणजे दुसऱ्या कोणाचा फायदा होणार नाही, अशी सूचना काही अनुयायांनी भंडाऱ्यास केली असता, ज्याने घटना केली तो असे सांगू शकत नाही, म्हणून आंबेडकरांनी ती नाकारली, अशी आठवण सांगितली जाते.

पराभवानंतर त्यांनी जो विचार मांडला तो या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सुचविले की, राखीव जागांची रीत सोडावी, दोन-तीन सभासदांचे मतदारसंघ करावे, आणि मतदारास आपली सारी मते एकाच उमेदवारास देण्याची मोकळीक असावी. म्हणजे अल्पसंख्य समाजाने ठरविल्यास तो आपली दोन्ही मते आपल्या माणसाच्या पारड्यात टाकील, आणि कोणाच्या दयेवर न राहता त्यास निवडून आणील. ही कल्पना हवेतली नव्हती. १९३७ साली मुंबई इलाख्यात अशी एकत्रित मते देण्याची पद्धत होती, व तिच्याच आधारे आंबेडकर स्वतः मुंबईतून व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे इतर उमेदवार कायदेमंडळात गेले होते. त्याच १९५५ साली त्यांच्या फेडरेशननेही कायदेमंडळांतील राखीव जागा नकोत, असा ठराव केला. ज्याने एक नियम घडविण्यात हात घातला, त्यानेच त्या नियमाखाली उभे राहून त्याचे उणे-अधिक पाहिले आणि पाच वर्षांच्या आत दुसरा नियम सुचविला. यास आम्ही चंचलपणा म्हणणार नाही. सुताराने केलेल्या खुर्चीवर सुताराने स्वतः बसून पाहावे, तसेच हे.

त्यांची सूचना स्वीकारली गेली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. इकडे भाऊराव बोरकर यांच्या निधनामुळे १९५५ साली पुन्हा पोटनिवडणूक झाली व त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९५७ ची निवडणूक दोन मतांची भंडाऱ्यातील शेवटची सार्वत्रिक निवडणूक ठरली. तिच्यात रामचंद्र हजरनवीस व बाळकृष्ण वासनिक हे दोघे निवडून आले.

त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम येथे आम्ही वर दिलेले ग या उमेदवाराचे उदाहरण खरे ठरले. तेथील राखीव जागा अनुसूचित जमातीची होती. परंतु मते अशी पडली की, राखीव जागेबरोबर सर्वसाधारण जागाही जमातीच्याच उमेदवारास गेली, आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. हे तेच गिरी, जे पुढे १९६९ साली राष्ट्रपती झाले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, पण न्यायालयाने नियम स्पष्ट असल्याचे सांगितले : राखीव म्हणजे निदान तेवढी जागा, सर्वसाधारण जागा कोणासच बंद नाही.

न्यायालयाचे हे म्हणणे आम्हांस निर्विवाद वाटते. तरीही त्यानंतर दोन सभासदांच्या मतदारसंघाविरुद्ध ओरड वाढली. मतदारसंघ फार मोठे होतात, उमेदवारास सर्वत्र फिरता येत नाही, खर्च दुप्पट होतो, ही कारणे पुढे आली व ती खोटी नव्हती. अखेर १९६१ साली संसदेने दोन सभासदांचे मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला. १९५७ साली असे ९१ मतदारसंघ होते; ते सर्व दुभंगण्यात आले. घटनेस हात लावावा लागला नाही. साधा कायदा होता, साध्या कायद्याने गेला. भंडाऱ्याचे दोन भाग झाले, भंडारा सर्वसाधारण व गोंदिया राखीव. १९६२ साली हजरनवीस भंडाऱ्यातून व वासनिक गोंदियातून निवडून आले, आणि मतदाराच्या हाती एकच मत उरले.

हा बदल कोणाच्या हिताचा झाला? पालकांनी यावर घरी चर्चा करावी, इतका तो प्रश्न गुंतागुंतीचा आहे. पूर्वी सबंध जिल्ह्यातील अनुसूचित जातींच्या मतदारांस राखीव उमेदवारास मत देता येत असे. १९६१ नंतर ती सोय राखीव भागात राहणाऱ्यांसच राहिली. राखीव भागातील इतर जातींच्या मतदारांस मात्र आपल्या जातीचा उमेदवारच नाही, अशी तक्रार सुरू झाली. एवढे खरे की, राखीव जागेवरील सभासदाची निवड बहुसंख्यांच्या मतांवर अवलंबून राहण्याचा जो प्रश्न १९३२ पासून चालत आला, तो १९६१ च्या कायद्याने सोडविला नाही. आमच्या मते एकत्रित मतांची आंबेडकरांची सूचना त्या वेळी अधिक गांभीर्याने विचारात घ्यावयास हवी होती.

विडीच्या प्रश्नाचेही पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १९६६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात ९-अ हे कलम आले. सरकारास माल पुरविण्याचा करार चालू असलेला माणूस अपात्र, हे तत्त्व कायम राहिले. परंतु त्यास असे स्पष्टीकरण जोडले गेले की, व्यापाऱ्याने आपला भाग पूर्ण केला असेल, तर केवळ सरकारकडून पैसे यावयाचे राहिले एवढ्यावरून करार चालू आहे असे मानू नये. १९५४ च्या निकालात न्यायालयाने नेमके उलट ठरविले होते. सरकारी कचेरीतून बिल निघण्यास किती दिवस लागतात हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या दुरुस्तीचे मर्म सहज उमजेल.

यानंतरचे बदल बहुतेकांच्या परिचयाचे आहेत, तेव्हा त्यांवर आम्ही फार शाई खर्च करीत नाही. निरनिराळ्या पेट्या जाऊन एका कागदावर सर्व चिन्हे व शिक्का आला; पुढे यंत्र आले. १९८८ सालच्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय एकवीसवरून अठरा केले, व १९८९ पासून तिचा अंमल झाला. राखीव जागांची मुदत घटनेत प्रारंभी दहाच वर्षांची होती. ती वेळोवेळी दुरुस्ती करून वाढविण्यात आली, आणि १०४ व्या दुरुस्तीने २०३० पर्यंत नेण्यात आली. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. पण २००८ च्या पुनर्रचनेने लोकसभेकरिता दोन्ही जिल्ह्यांची नावे भंडारा-गोंदिया या एका मतदारसंघात पुन्हा एकत्र आली. १९५४ सालचे विजयी अशोक मेहता १९६७ साली पुन्हा भंडाऱ्यातूनच निवडून आले, मात्र या खेपेस काँग्रेसतर्फे. माणसेही नियमांप्रमाणेच बदलतात.

२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदियात पुन्हा एक पोटनिवडणूक झाली, पुन्हा मे महिन्यातच. या वेळी पेट्या नव्हत्या, यंत्रे होती, आणि मत कोणास पडले हे कागदाच्या चिठ्ठीवर दाखविणारे जोडयंत्रही होते. पुष्कळ ठिकाणी ती बिघडली. लोक उन्हात ताटकळत उभे राहिले. अखेर ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले.

आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष उपयोगी पडेल असा एक बदल तर अगदी अलीकडचा आहे. पूर्वी मतदारयादीत नाव घालण्याकरिता वर्षातून एकच दिवस, १ जानेवारी, धरला जाई. २ जानेवारीस ज्याची अठरा वर्षे भरली त्यास पुढील वर्षापर्यंत थांबावे लागे. २०२१ च्या कायद्याने चार दिवस ठरविले : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. २०२२ पासून सतरा वर्षे पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्जही करता येऊ लागला. त्या अर्जास नमुना ६ म्हणतात. त्यासोबत वयाचा व राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा जोडावा लागतो, आणि जन्मतारखेच्या पुराव्याकरिता शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र चालते. म्हणून ती कागदे पालकांनी जपून ठेवावीत.